उष्ट्यावरचा संसार

आमच्या घरी विरजण कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. आई रोज रात्री कोमट दुधात आदल्या दिवसाच्या दह्यातलं चमचाभर घालायची. दुसऱ्या रात्री त्या नव्या दह्यातलं चमचाभर पुढच्या दुधात. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागल्यावर एका प्रयोगाविषयी वाचलं, तेव्हा मला आधी आईचं भांडंच आठवलं.

२४ फेब्रुवारी १९८८ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या प्रयोगशाळेत रिचर्ड लेन्स्की यांनी १२ फ्लास्कमध्ये ई. कोलाय जिवाणू सोडले. आपल्या आतड्यात राहतात तेच हे. बाराही ठिकाणचे जिवाणू जवळजवळ एकसारखे. प्रत्येक फ्लास्कमध्ये १० मिलिलिटर द्रव आणि त्यात अन्न म्हणून जेमतेम पाव मिलिग्रॅम ग्लुकोज. ते काही तासांत संपतं, मग उरलेला दिवस उपास. दुसऱ्या दिवशी त्यातला शंभरावा भाग ताज्या द्रवात घालायचा. असं करताना रोज साडेसहा पिढ्या उलटतात. दर ५०० पिढ्यांनी थोडा नमुना गोठवून ठेवायचा. गोठलेले जिवाणू बाहेर काढले की पुन्हा वाढतात, त्यामुळे खापरपणजोबा आणि पणतू यांची एकाच फ्लास्कमध्ये शर्यत लावता येते! सुरुवातीला २,००० पिढ्या पुरेशा वाटत होत्या. पुढे हे सारं बिऱ्हाड मिशिगनला गेलं, २०२२ मध्ये टेक्सासला, आणि आकडा ७५,००० च्या पुढे पोहोचला.

आता माझी एक चूक सांगते. मॉस्कोचे गॉझ यांचं १९३४ मधलं पुस्तक जीवशास्त्रात फार मानलं जातं. दोन जाती एकाच अन्नावर अगदी सारख्याच पद्धतीने जगत असतील तर एक जिंकते आणि दुसरी नाहीशी होते, हा त्यातून रूढ झालेला नियम. मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून द्यायचे : एक अन्न, एक विजेता. मुलं तसंच पेपरात लिहीत आणि मी पूर्ण गुण देत असे.

लेन्स्कींच्या फ्लास्कमध्ये तर एकच साखर. तिथे एकच वंश उरायला हवा होता. पण बारांपैकी एका फ्लास्कमधले जिवाणू पेट्री डिशमध्ये वाढवले, तेव्हा दोन आकारांचे ठिपके दिसू लागले, मोठे आणि छोटे. साधारण ६,००० पिढ्यांच्या सुमारास हे दोन वंश वेगळे झाले होते आणि नंतरच्या हजारो पिढ्या सोबतच राहिले. डॅनियल रोझेन आणि लेन्स्की यांनी २००० मध्ये त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. मोठे ठिपकेवाले ग्लुकोजवर भराभर वाढतात. मात्र खाता खाता ते काही पदार्थ बाहेर टाकतात, आणि त्या उष्ट्यावर छोट्यांचा संसार चालतो. छोटे थोडे असले तर उष्टं मुबलक मिळतं आणि ते वाढतात. फार झाले की उष्टं पुरत नाही, मग मोठ्यांची सरशी. त्यामुळे कोणीच कोणाला संपवू शकत नाही.

अन्न एकच होतं हे खरं. पण खाणाऱ्यांनीच दुसरं अन्न तयार केलं, हे माझ्या फळ्यावरच्या वाक्यात कुठेच बसत नव्हतं. शिवाय हा काही अपवाद नव्हता. २०१७ मध्ये ६०,००० पिढ्यांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा बारांपैकी किमान नऊ फ्लास्कमध्ये असे दीर्घकाळ सोबत राहिलेले वंश आढळले. सोबत म्हणजे गोडीगुलाबी नव्हे. दोघेही सतत बदलत असतात, कधी याचं पारडं जड, कधी त्याचं.

मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट मात्र वेगळ्याच फ्लास्कमधली आहे. द्रवात पहिल्यापासून सायट्रेट हा आणखी एक पदार्थ असतो. हवा असताना ई. कोलायला तो खाता येत नाही. सुमारे ३१,००० पिढ्यांनंतर एका फ्लास्कमधल्या जिवाणूंना ती कला साधली आणि त्यांची संख्या एकदम वाढली. ती न साधलेले जुने जिवाणू थोडं ग्लुकोज आणि नव्यांचं उष्टं यांवर तग धरून राहिले, तेही १०,००० पिढ्यांहून अधिक काळ. आणि मग ते दिसेनासे झाले.

नव्यांनी त्यांना अखेर हरवलं, असंच सगळ्यांना वाटलं. मीही तेच म्हटलं असतं. परंतु संशोधकांनी गोठवलेले जुने नमुने काढून तोच काळ पुन्हा जगवून पाहिला. दोन वेगवेगळ्या काळांतले नमुने, प्रत्येकाच्या २० आवृत्त्या, ५०० पिढ्या. जुने जिवाणू एकदाही नष्ट झाले नाहीत. इतकंच नव्हे, ते नाहीसे झाल्यानंतरच्या जिवाणूंमध्ये त्यांना परत सोडलं, तर तिथेही त्यांनी पाय रोवले. म्हणजे ते स्पर्धेत हरले नव्हते. प्रयोगशाळेतल्या परिस्थितीत एखाद्या वेळी नकळत काही बिघाड झाला असावा आणि त्यात ते गेले, असा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

आमचं विरजणही एका रात्री असंच गेलं. दूध जास्त गरम होतं. आईने सकाळी शेजारून वाटीभर दही आणलं.