पारतंत्र्यातील देशाचे वैद्यकीय साहाय्य : डॉ. कोटणीस आणि चीन

जपानी आक्रमणाने ग्रासलेल्या चीनला १९३८ मध्ये राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, तेव्हा भारत स्वतःच पारतंत्र्यात होता. म्हणूनच हे साहाय्य म्हणजे संपन्न राष्ट्राचे दातृत्व नव्हे, तर दोन पीडित राष्ट्रांमधील बांधिलकी होय. पथकात नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीसांनी चिनी भाषा आत्मसात केली, युद्धक्षेत्रात शस्त्रक्रिया केल्या आणि बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळताना स्थानिक विद्यार्थ्यांनाही शिकविले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. उपचार एका रुग्णापुरता असतो. शिकविलेले कौशल्य मात्र मागे उरते. कोटणीसांच्या कार्याचे ऐतिहासिक मोल त्यांच्या हौतात्म्याइतकेच या अध्यापनातही शोधावे लागेल.