देवणी गोवंशातील रंगप्रकार

लातूर जिल्ह्यातील देवणी, उदगीर, अहमदपूर, चाकूर हा पट्टा आणि सीमेपलीकडचा बीदरकडचा भालकी, बसवकल्याण भाग हे देवणी गोवंशाचे माहेर. अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या रंगावरून या जनावरांचे वानेरा, शेवरा आणि बालंक्या असे तीन प्रकार पाडतात. तिन्ही मिळून जात एकच. दूध आणि शेतकाम या दोन्हींसाठी पाळली जाणारी ही जात गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून गेल्या दोनेक शतकांत घडली, असे मानले जाते. फुगीर कपाळ आणि लोंबते कान गीरकडे बोट दाखवतात, तर काळे-पांढरे ठिपके डांगीकडे.

वानेऱ्याचे अंग स्वच्छ पांढरे आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या असतात. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर लहानमोठे काळे चट्टे वेडेवाकडे पसरलेले दिसतात. बालंक्याबाबत मात्र वर्णनकारांचे एकमत नाही. कोणी त्याला पूर्ण पांढरा म्हणतात, तर कोणी पोटाखालच्या अंगाला काळे ठिपके असलेला. त्यामुळे ओळख तोंडापासून सुरू करून मग पोटाकडे वळणे सोयीचे.

पांढरे जनावर म्हणजे अल्बिनो नव्हे. बालंक्याच्या अंगावरचे केस पांढरे असले तरी नाकपुडी आणि खूर काळे असतात, म्हणजे शरीर काळे रंगद्रव्य तयार करतच असते. खऱ्या अल्बिनोत ते बनत नाही. कातडी गुलाबी आणि डोळे फिकट राहतात.

रंग दिसणे एक आणि तो आनुवंशिक असणे दुसरे. हा फरक पाळीव बॉल पायथन या अजगराच्या पैदासकारांनी फार काटेकोरपणे पाळला आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या या सापाचा अल्बिनो रंग आनुवंशिक असल्याचे अमेरिकेत १९९२ साली पिल्लांवरून सिद्ध झाले. हा गुण सुप्त आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. एकाकडूनच आला तर पिल्लू साधे दिसते, पण गुण पुढच्या पिढीला देऊ शकते. याच सापातल्या ‘पेस्टल’ या दुसऱ्या रंगगुणाची तऱ्हा वेगळी. एकाच पालकाकडून आला तरी पिवळा रंग उजळतो आणि दोघांकडून आला की आणखी उजळ ‘सुपर पेस्टल’ निपजतो. म्हणून नवा रंग दिसला की तिथे आधी पैदास आणि मग नामकरण.

गोठ्यात हे इतके सोपे नाही. अजगराच्या मादीकडून एका खेपेला पाच-सहा अंडी मिळू शकतात. गाय सुमारे २८० दिवसांनी बहुधा एकच वासरू देते. तरी हिशेब तोच. एखाद्या वळूत सुप्त गुण लपला आहे का हे पाहायचे, तर तो गुण उघड दिसणाऱ्या गाई त्याला लावायच्या. गुण लपलेला असूनही सलग पाच वासरांत तो न दिसण्याची शक्यता ३२ मध्ये १ इतकीच. कृत्रिम रेतनामुळे एका वळूची वासरे अनेक गोठ्यांत विखुरतात, तेव्हा आई-बापाची नोंद नसेल तर ही परीक्षा कागदावरच राहते.

फसवणारे चट्टेही असतात. जखम भरल्यावर किंवा डाग दिल्यावर त्या जागी पांढरे केस येऊ शकतात. ते वासरात उतरत नाहीत. तांब्याच्या कमतरतेने काळे केस फिकटतात. सर्वांत मोठा घोटाळा होल्स्टीनच्या संकराचा. काळे-पांढरे चट्टे पाहून हाळी-हंडरगुळीसारख्या बाजारात नवखा माणूस त्याला शेवरा समजून बसेल. अशा वेळी चट्टे सोडून वशिंड, गळ्याखालची पोळी, कपाळाचा फुगवटा आणि कानाची लांबी पाहावी. संकरात वशिंड बसके आणि कान आखूड होत जातात.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधार, मुखेड भागातील लाल कंधारीत ठिपक्यांचा प्रश्नच येत नाही. अंगभर एकच तांबडा रंग. तिथे प्रश्न छटेचा. ती फिक्या तांबड्यापासून गडद तपकिरीपर्यंत बदलते आणि वळू गाईंपेक्षा गडद असतात. म्हणून वळूची तुलना वळूशी आणि गाईची गाईशीच करायची.