‘मेटानोइया’ : एका शब्दाचा इतिहास

ग्रंथ एका भाषेतून दुसरीत जातो तेव्हा शब्द पुढे जातात, अर्थ मात्र पुष्कळदा मागे राहतो. ख्रिस्ती धर्मग्रंथातील ‘मेटानोइया’ हा ग्रीक शब्द या दृष्टीने मननीय आहे. ‘मेटा’ म्हणजे मागाहून आणि ‘नूस’ म्हणजे बुद्धी. मागाहून पालटलेली मती, असा त्याचा मूळ भाव. इ. स. पूर्वी ४२७ मध्ये अथेन्सच्या सभेने बंडखोर मिटिलीनी नगरातील सर्व प्रौढ पुरुषांच्या वधाचा ठराव केला. दुसऱ्याच दिवशी लोकांचे मन पालटले. त्या प्रसंगी इतिहासकार थ्युसिडिडीजने हाच शब्द योजिला आहे. मागाहून धाडलेले दुसरे गलबत वेळेवर पोहोचले आणि नगर सर्वनाशातून वाचले.

नव्या करारात योहान व येशू यांचा उपदेश याच शब्दाच्या क्रियापदाने सुरू होतो. परंतु लॅटिन भाषांतरात तेथे ‘पेनितेन्तिया करा’ असे शब्द आले. आणि पेनितेन्तिया म्हणजे धर्मगुरूपुढे पापकबुली देऊन त्याने नेमलेले प्रायश्चित्त घेणे, असा अर्थ मध्ययुगात रूढ झाला. मन पालटावयाचे ते विधी उरकण्यावर आले. पुढे तर त्या प्रायश्चित्तातून सूट देणारी क्षमापत्रे पैसे घेऊन दिली जाऊ लागली.

पंधराव्या शतकात लोरेन्झो वाल्ला या इटालियन पंडिताने मूळ ग्रीकाशी ताडून या भाषांतरावर आक्षेप घेतला. त्याची टिपणे इरॅस्मसने १५०५ मध्ये छापविली आणि १५१६ मध्ये बाझेल येथे ग्रीक नवा करारच प्रसिद्ध केला. १५१७ मध्ये ल्यूथरने आपल्या पंचाण्णव कलमांचा आरंभ याच उपदेशाच्या अर्थापासून केला : ख्रिस्ताची आज्ञा एखाद्या विधीपुरती नसून ती साऱ्या आयुष्याला लागू आहे. तथापि आपल्या जर्मन भाषांतरात त्याने प्रायश्चित्तवाचक जुनाच शब्द ठेविला! शब्द पालटण्यापेक्षा त्यातील अर्थ पालटणे त्याने पत्करले.

मराठी बायबलात येथे ‘पश्चात्ताप’ हा शब्द आहे. ‘पश्चात्’ आणि ‘मेटा’ यांचा मेळ उत्तम बसतो. परंतु ग्रीकाने जेथे बुद्धी ठेविली तेथे आम्ही ताप ठेविला. हा शब्द चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद हिब्रूतील खेदवाचक शब्दासाठी आले आहे; तेव्हा ताप त्यात आहेच. मात्र तापावर थांबणे म्हणजे मेटानोइया नव्हे. अथेन्सचे लोक सभेत नुसते हळहळत बसते, तर मिटिलीनीला त्याचा काय उपयोग होता?