बालकाची शीर

विल्यम हार्वेने १६२८ साली रुधिराभिसरणाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला, आणि पुढे अठ्ठावीस वर्षांनी ऑक्सफर्ड येथे ख्रिस्तोफर रेनने पिसाची नळी व प्राण्याचे मूत्राशय यांच्या साह्याने कुत्र्याच्या शिरेत औषध सोडून दाखविले. तथापि या विद्येचा लाभ तान्ह्या मुलास होण्यास आणखी अडीच शतके लोटावी लागली, कारण बालकाची शीर मुळातच सूक्ष्म, गुबगुबीत त्वचेखाली दडलेली आणि जुलाबवांत्यांनी शरीरातील पाणी आटले की आकसून जाणारी असते.

१९०८ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एका सर्जनाच्या पाच दिवसांच्या मुलीचा रक्तस्राव काही केल्या थांबेना, तेव्हा अलेक्सिस कारेल या फ्रेंच शल्यविशारदाने पित्याच्या मनगटाजवळील धमनी मोकळी करून ती मुलीच्या गुडघ्यामागील शिरेला शिवली, आणि मूल वाचले. परंतु असा हात लाखांत एखाद्यालाच लाभतो. इतरांनी टाळूच्या मऊ भागातून सुई घालून मेंदूवरील शिरानालात रक्त सोडण्याची तजवीज केली; ती पाहणाऱ्या मातांच्या मनावर काय गुदरले असेल, याची दखल वैद्यकाच्या इतिहासकारांनी पुरेशी घेतली नाही, असे मला वाटते.

१९४० च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या टोकँटिन्स व ओ'नील यांनी हाडातील मज्जेत सुई रोवून द्रव देण्याची रीत पुढे आणली. प्लास्टिकच्या नळ्या येताच पाश्चात्य रुग्णालये ती विसरली. मात्र भारतात पटकीच्या साथीत ती चालू असल्याचे जेम्स ऑर्लोव्स्की या अमेरिकन बालवैद्याने स्वतः पाहिले आणि १९८४ साली लेख लिहून तिचा पुनरुद्धार केला. टंचाईच्या मुलखात एक मोलाची विद्या शाबूत राहिली, याचा हा ठळक दाखला होय.

हे सारे इलाज खरे पाहता सुईने शीर गाठता येत नाही म्हणून पत्करलेले होते. ती दृष्टीस पडू लागली ती अगदी अलीकडे. या शतकाच्या आरंभी मेम्फिसच्या हर्बर्ट झेमनने अवरक्त किरणांच्या योगे शिरांचे जाळे त्वचेवरच रेखाटणारे यंत्र सिद्ध केले, परंतु त्यावरून शिरेची खोली कळत नसल्यामुळे त्याचा प्रत्यय सर्वत्र सारखा आला नाही. सोनोग्राफीचे तसे नाही. मानेतील मोठ्या शिरेत नळी घालताना तिचा आधार घ्यावा, अशी शिफारस ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००२ साली प्रौढांबरोबर बालकांसाठीही केली, आणि पुढे हातापायांच्या बारीक शिरांसाठीही तीच युक्ती योजली जाऊ लागली. पडद्यावर शीर काळ्या वर्तुळासारखी दिसते व हलक्या दाबाने मिटते, तर धमनी ठोके देत उघडीच राहते. सुईचे टोक त्या वर्तुळात शुभ्र ठिपका होऊन उमटले की त्वचेवर टेकवलेला शोधक (प्रोब) किंचित पुढे सरकवायचा, ठिपका लोपला की सुई पुढे न्यायची, असे करीत टोकाचा माग कधीच सुटू द्यावयाचा नसतो. एक हात शोधकावर, दुसरा सुईवर आणि डोळे पडद्यावर ठेवण्याची ही कला साधण्यास अवधी लागतो. म्हणून तिचा पहिला सराव बालकाच्या हातावर न करता जिलेटिनच्या वडीत रोवलेल्या नळीवर करतात.