कंपवात : आजारासोबतचे जगणे
लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली 'शेकिंग पाल्सी' या विकारावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी या विकारास पार्किन्सन यांचे नाव दिले. मराठीत त्यास कंपवात म्हणतात. पार्किन्सन यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो.

मध्यमेंदूतील काळसर रंगाच्या एका भागातील चेतापेशी या विकारात क्रमाक्रमाने नष्ट होतात. या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. ते कमी पडले की हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, हातापायांना कंप सुटतो. नाव कंपवात असले तरी प्रत्येक रुग्णास कंप असतोच असे नाही.

हा आजार पूर्णपणे बरा करणारा उपाय अद्याप नाही. त्यामुळे रुग्ण कसा जगतो, हा प्रश्न उपचारांइतकाच महत्त्वाचा ठरतो. तो मोजण्यासाठी ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी १९९०च्या दशकात 'पीडीक्यू-३९' ही ३९ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. चालणे-फिरणे, दैनंदिन कामे, मनःस्थिती, संकोच, इतरांचा आधार, आकलन, संवाद आणि शारीरिक वेदना अशी तिची आठ अंगे आहेत. यांपैकी पहिली दोनच थेट हालचालींशी निगडित आहेत, ही बाब बोलकी आहे. चारचौघांत चहाचा कप धरताना वाटणारा संकोच, क्षीण झालेला आवाज, भावहीन दिसणारा चेहरा यांमुळे रुग्ण हळूहळू घरात कोंडला जातो. नैराश्य हे अनेकदा आजाराचेच लक्षण असते. त्यावर उपचार केल्यास जगणे बरेच सुसह्य होते.

१९६०च्या दशकात आलेले लेव्होडोपा हे आजही प्रमुख औषध आहे. हेच द्रव्य आयुर्वेदात वापरल्या जाणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतही आढळते. मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याविना त्या घेणे धोक्याचे आहे. काही वर्षांनंतर या औषधाचा प्रभाव दिवसभर सारखा राहत नाही. सकाळी सहज चालणारा रुग्ण दुपारी जागीच थिजतो आणि घरच्यांना ते ढोंग वाटू शकते. असा गैरसमज रुग्णास आजाराहून अधिक दुखावतो. औषधाच्या वेळा काटेकोर पाळणे आणि प्रथिनयुक्त आहार औषधाच्या वेळी टाळणे याचा काहींना उपयोग होतो. पाऊल अडखळल्यास जमिनीवरील आडव्या रेघा किंवा तालात मोजलेले आकडे पाऊल टाकण्यास मदत करतात. निवडक रुग्णांत मेंदूत विद्युत्अग्रे बसवण्याची शस्त्रक्रियाही करतात.

भारतात १९९५च्या अपंगविषयक कायद्यात या विकाराचा समावेश नव्हता. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले आणि त्यात पार्किन्सन्सचा उल्लेख झाला. किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळालेल्यांना आरक्षणासारखे लाभ मिळू शकतात. पुण्यात रुग्ण व त्यांचे शुभंकर एकत्र येणारे पार्किन्सन्स मित्रमंडळही कार्यरत आहे.

व्यायाम, वाचा-उपचार आणि सोबत या तिन्ही गोष्टींना मोठा खर्च लागतोच असे नाही. रुग्णाला बटण लावण्यास पाच मिनिटे लागत असतील, तर ती पाच मिनिटे त्याला देणे हाही शुश्रूषेचाच भाग होय.