उपवासाचा बटाटा

सोमाटण्याजवळ घोरवडेश्वराच्या डोंगरावर महाशिवरात्रीस यात्रा भरते. त्या दिवशी मावळातील शेतकरी भात वर्ज्य करून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी व दाण्याचा कूट सेवन करितो. बटाटा, भुईमूग, मिरची आणि साबुदाण्याचा कंद ही सर्व अमेरिका खंडाची देणगी. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली त्या १२९० साली यांतील एकही वस्तू या देशी नव्हती. 'बटाटा' हे नावही पोर्तुगीजांचेच!

आयर्लंडात मात्र हाच बटाटा सणाचा. ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्री, हॅलोवीनला, तो कुस्करून त्यात कोबी व लोणी कालवितात. या 'कोलकॅनन'मध्ये अंगठी लपविलेली असते. जिच्या घासात ती येईल तिचे लग्न लवकर, असा समज. (आपल्याकडे देवाच्या कौलावर भागते.) परंतु तेथील गरिबांचे रोजचे अन्नही केवळ बटाटाच होते. म्हणून १८४५ साली पिकावर करपा पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व रोगराईने दगावली.

मावळात पोटाची भिस्त भातावर राहिली, बटाटा फराळापुरता. डोंगरउतारावर पिकणारी वरी तेवढी खरी देशी. तिला मागे सारून साबुदाण्याने ताटात मानाची जागा घ्यावी, हे मला रुचत नाही.