संमती पूर्ण केव्हा होते? कलम १३-ब चा इतिहास

१/ जानेवारी १९८५. हिमाचल प्रदेशातील हमीरपूरच्या जिल्हा न्यायालयात एका दाम्पत्याने परस्परसंमतीने घटस्फोटासाठी अर्ज केला. दुसऱ्या दिवशी दोघांचे जबाब नोंदले गेले. आठवडाभरातच पत्नीने न्यायालयास कळविले की, आपला जबाब दडपण आणून घेतला गेला; नातलगांना भेटूही दिले नाही. दिलेली संमती एकट्याने मागे घेता येते काय?

२/ हिंदू विवाह कायदा १९५५ चा. परंतु त्यात परस्परसंमतीची वाट मुळात नव्हती. व्यभिचार, धर्मांतर, असाध्य वेड असे काही सिद्ध करावे लागे. एक वर्ष आधीच्या विशेष विवाह कायद्यात मात्र ही सोय होती. हिंदू विवाहांसाठी ती आली १९७६ च्या दुरुस्तीने, कलम १३-ब म्हणून.

३/ रचना अशी : दोघे किमान एक वर्ष विभक्त राहत असावेत आणि दोघांनी मिळून अर्ज करावा. त्यानंतर सहा महिन्यांनी, परंतु अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे यावे. आणि एक अट : ‘दरम्यान अर्ज मागे घेतलेला नसावा.’ तो दोघांनी मागे घ्यायचा की एकानेही चालेल, याविषयी कायदा मौन बाळगतो.

४/ या मौनाचे अर्थ न्यायालयांनी निरनिराळे लावले. मुंबई उच्च न्यायालयाने १९८४ मध्ये म्हटले की, अर्ज करतेवेळी संमती स्वेच्छेची होती एवढेच पाहायचे. नंतर एका पक्षाला ती मोडता येणार नाही. दिल्लीचा कौलही तसाच पडला. केरळ आणि पंजाब-हरियाणा उच्च न्यायालये उलट मताची होती. एकच केंद्रीय कायदा. उत्तर मात्र प्रांतागणिक वेगळे.

५/ हमीरपूरचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांनी फेटाळला; उच्च न्यायालयाने घटस्फोट मंजूर केला. फेब्रुवारी १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्या. के. जगन्नाथ शेट्टी यांचा युक्तिवाद साधा होता : मधला काळ विचारासाठी, आप्तेष्टांच्या सल्ल्यासाठी दिलेला आहे. त्या काळात मन बदलण्याची मुभाच नसेल, तर तो काळ ठेवावा कशाला? संमती हुकूमनाम्यापर्यंत टिकली पाहिजे.

६/ या निकालाने दडपणाखाली सही करणाऱ्याला कवच दिले. पण तेच कवच अडवणुकीसाठीही वापरता येते : पैसे घेतले, तडजोडीचे लाभ पदरात पडले, आणि मग दुसऱ्या वेळी न्यायालयात यायचेच नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने १९९१ चा निष्कर्ष फार व्यापक असून त्याचा फेरविचार व्हावा, असे सुचविले.

७/ निर्णायक उत्तर मिळाले २००९ मध्ये, मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयातून गेलेल्या प्रकरणात. पती गैरहजर होता. त्याची संमती कायम आहे असे गृहीत धरून घटस्फोट दिला गेला होता. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, मौन म्हणजे संमती नव्हे. संमती शेवटपर्यंत टिकून आहे, याची न्यायालयाने खात्री करून घ्यावी.

८/ पुढे दोन दुरुस्त्या झाल्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, समेटाची आशाच उरली नसेल तर सहा महिन्यांची प्रतीक्षा माफ करता येते. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की, न्यायालयास दिलेली हमी मोडणाऱ्यावर अवमानाची कारवाई होऊ शकेल. परंतु संमती सक्तीने वदवून घेता येणार नाही.

९/ आता संमती मागे घेतली, तर कलम १३-ब चा अर्ज संपतो. दुसऱ्या पक्षाला घटस्फोट हवाच असेल, तर क्रौर्य, परित्याग यांसारखी कारणे सिद्ध करीत लांबची वाट चालावी लागते. २०२३ मध्ये घटनापीठाने स्पष्ट केले की, विवाह पुरता मोडला असल्यास एका पक्षाचा विरोध असतानाही अनुच्छेद १४२ खाली घटस्फोट देता येतो. पण तो अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयाचा.

१०/ वरवर पाहता हा वाद एका शब्दाच्या अर्थाचा. परंतु त्यामागे दोन माणसे उभी आहेत : सही करताना जिच्याजवळ आपले कोणीच नव्हते ती, आणि ठरल्याप्रमाणे सारे देऊनही अधांतरी राहिलेला तो. कायद्याने पहिलीचे रक्षण अधिक मोलाचे मानले. दुसऱ्याच्या गाऱ्हाण्याचे पुरते उत्तर मात्र अजूनही सापडलेले नाही.